पाठ बघणारे खिल्लारेमामा

भाचीला बघायला आलेल्या मुलाच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेऊन, खिशातल्या पेचकसानं त्याचं मागचं झाकण उघडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ताडकळसला खिल्लारेमामांच्या बहिणीच्या घरी हा प्रकार घडला तेव्हा मी पोह्यांची बशी हातात धरून शेजारीच बसलो होतो, आणि ती बशी कुठं ठेवावी हे मला बराच वेळ सुचलं नाही. मुलगा नुकताच शाळेवर लागलेला. मामांनी त्याला आधी विचारलं होतं, घड्याळ जपानचं का म्हणून. मुलगा कानापर्यंत लाल झाला आणि खाली बघत म्हणाला, "न्हाई मामा. बाजारातलंच हाय. दाखवायपुरतं घातलंय."

तरीही मामांनी झाकण उघडलं, आत डोकावले, एकदा वास घेतला, झाकण बसवलं आणि स्वतःच्या हातानं घड्याळ मुलाच्या मनगटावर परत बांधलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून बहिणीला सांगितलं, "घड्याळ नकली हाय, पोरगा अस्सल हाय. देऊन टाक." लग्न झालं. त्या दोघांचं आता उत्तम चाललंय, घड्याळ मात्र कधीच बंद पडलं.

सखाराम खिल्लारे यांचं परभणीत स्टेशनपासून थोडं आत, आमच्या वस्तीच्या तोंडाशी लाऊडस्पीकर आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दुकानाच्या मागच्या खोलीत ते राहायचे. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत, त्यामुळे त्यांचा खोकला मला पाठ होता. अंगानं काटकुळे, चष्मा कायम कपाळावर आणि कमरेला हातभर रुंद वाटावा असा जुना लष्करी पट्टा. पट्ट्याला पितळी बक्कल. पँटवर पट्टा बांधला तर कोण काय म्हणणार, पण मामा तो पायजम्यावरही बांधत आणि संध्याकाळी लुंगीवरही. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, गयामामी गेल्यापासून माणसाला नेसायचंही भान राहिलं नाही. पण मला चांगलं आठवतं, मामी होत्या तेव्हाही लुंगीवर पट्टा होताच.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांत मावत असे. पाठ दाखवा. फार खुलासा विचारला तर पुढचं वाक्य येई: "तोंड सगळेच धुऊन येतात. पाठ कोन धुतंय?" त्यामुळे मामा भाजीवालीकडची वांगी उलटी करून बघत, लुगड्याची उलटी बाजू बघत, आणि डॉक्टरांनी काढलेल्या स्वतःच्या छातीच्या फोटोचीही त्यांनी पाठ मागितली होती. डॉक्टर म्हणाले, अहो, याला पाठ नसते, हा आरपार असतो. मामांना ते इतकं आवडलं की पुढं महिनाभर ते प्रत्येकाला सांगत होते, जगात एकच चीज लबाडी करत नाही, ती म्हणजे एक्स-रे.

एकदा मतं मागायला आलेल्या एका उमेदवारालाही त्यांनी दुकानासमोर वळून उभं राहायला लावलं. चैत्रातली दुपार होती. बिचारा हात जोडलेल्या स्थितीत वळला. मामांनी चष्मा नाकावर घेतला, सदऱ्याची पाठ निरखली आणि म्हणाले, "कोरडी हाय, घामाचा थेंब न्हाई. तुमी जीपीतून आत्ताच उतरले. पायी फिरायलाव म्हणून सांगू नका." तो निवडणुकीत पडला, पण त्याचं श्रेय मामांना देणं बरोबर नाही, त्याला त्याच्या घरच्यांनीही मतं दिली नव्हती.

हे वेड त्यांना लागलं सिकंदराबादला. तरुणपणी मामा तिथं एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली वाद्यं दुरुस्त करत. हॉटेलांत वाजवणारे, रेल्वेतले साहेब लोक, सगळ्यांच्या विजेवरच्या गिटारी त्या दुकानात यायच्या. त्यांतल्या जुन्या अमेरिकन गिटारींना सोन्याचा भाव, आणि जिथं सोनं तिथं मुलामा आलाच. इथल्या इथं नवं लाकूड कापायचं, त्याला कागदानं घासून, चहाच्या पाण्यानं धुऊन म्हातारं करायचं आणि साहेबाची जुनी गिटार म्हणून विकायचं, असा धंदा करणारे लोक तिथं होते. उस्तादानं मामांना ते ओळखायला शिकवलं. पुढं उस्ताद वारले आणि मामा-मामी परभणीला आले. परभणीत गिटारच नव्हती. तेव्हा एवढी मोठी विद्या वांग्यांवर आणि घड्याळांवर खर्च होऊ लागली.

गिटारीचा प्रसंग यायला नामांतराचं वर्ष उजाडावं लागलं. म्हणजे त्या जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं आणि पुढं एप्रिलात जयंती आली, ते वर्ष. त्या जयंतीचा उत्साह मी लिहून सांगू शकत नाही. सोळा-सतरा वर्षं ज्या वस्तीनं मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तिथली म्हातारी माणसंसुद्धा भिंतींना निळा रंग देत होती.

आमची गायन पार्टी होती. मी पेटीवर, आणि गायला प्रल्हाद. प्रल्हाद धंद्यानं गवंडी, पण आवाज असा की परातीतलं सिमेंट वाळेपर्यंत मजूर ऐकत उभे राहत. दर जयंतीला जिंतूरच्या पार्टीशी आमचा सामना व्हायचा. एक गाणं त्यांचं, एक आमचं, आणि लोक ठरवणार. आदल्या वर्षी आम्ही साफ हरलो होतो. जिंतूरकरांनी विजेवरची गिटार आणली होती. ती एकदा झणाणली की माझी पेटी स्वयंपाकघरात वाजत असल्यासारखी वाटे. आमच्याच वस्तीतली पोरं उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसली, हे प्रल्हादला फार लागलं. यंदा त्यानं नवं गाणं रचलं होतं. अक्षर न येणारी म्हातारी नातवाला विचारते, विद्यापीठाच्या पाटीवर ते नाव कुठं लिहिलंय रे, माझं बोट धरून त्याच्यावर ठेव. हे गाणं हरता कामा नये, असं सगळ्या वस्तीनं ठरवलं आणि घरटी वर्गणी काढली. गिटार घ्यायची.

गिटार घेऊन आला तो बॉबी. अंगात कोट, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि बोलणं असं की तीन शब्द हिंदी, एक इंग्रजी आणि चुकून निसटलं तर मराठी. मुंबईच्या ऑर्केस्ट्रात होतो म्हणाला. त्यानं गिटारीचं खोकं उघडलं तेव्हा आम्ही सगळे पुढं सरकलो. तांबूस रंगाची, जागोजागी पॉलिश उडालेली, लोखंडाला गंज चढलेली अशी ती गिटार खरोखरच दोन-चार समुद्र ओलांडून आल्यासारखी दिसत होती. एक अमेरिकन साहेब वीस वर्षं वाजवून, जाताना रडत रडत देऊन गेला, असं बॉबीनं सांगितलं. प्रल्हादनं तिथंच वर्गणीच्या पिशवीत हात घातला. मी म्हटलं, एकदा मामांना दाखवू.

दुकानात आम्ही पाच-सहा जण दाटीवाटीनं उभे राहिलो. मामांनी गिटार टेबलावर ठेवून घेतली आणि तोंडाकडे न बघता थेट पालथी केली. बराच वेळ हात फिरवला. मग बॉबीला अगदी मवाळपणे विचारलं, "साहेब उभ्यानं वाजवायचा का बसून?"

"खडे होके. स्टेज पे," बॉबी म्हणाला.

मामांनी स्वतःचं बक्कल बोटानं वाजवून दाखवलं. वीस वर्षं पोटाशी धरून वाजवली आणि पाठीवर बक्कलाचा एक ओरखडा नाही, मग साहेब काय धोतर नेसून वाजवत होता काय, असं त्यांनी विचारलं. आम्ही हसलो. बॉबीही हसला, पण त्यानं काळा चष्मा काढला.

मग मामांनी गिटार सुलटी केली आणि तिच्या मानेवरचं लाकूड दाखवलं. बोटांनी घासून घासून लाकडाचा रंग उडालेला. पण लाकडात बसवलेले धातूचे पडदे नवे कोरे, तारेची एक खाच त्यांच्यावर नाही. बोटं लाकडावर घासायची आणि पडदा आला की उडी मारून पलीकडं जायची, असा वाजवणारा त्यांनी अजून बघितला नव्हता. नंतर पेचकस निघाला. एक स्क्रू बाहेर आला. त्याचं डोकं गंजून लाल, आणि लाकडात रुतलेलं अंग चकचकीत. मिठाचं पाणी, मामा म्हणाले, कुंचल्यानं वरून वरून लावलेलं. बाकीचे स्क्रू काढून झाकण उचललं तशा आतल्या तारा उघड्या पडल्या. त्यांच्यावरचे सोल्डरचे डाग नव्या नाण्यासारखे चमकत होते. शेवटी मामांनी त्या पोकळीत नाक घातलं. पूर्ण नाक. आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"सिद्धार्थ," ते मला म्हणाले, "तू बी वास घे."

मी घेतला. माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलेल्या कपाटाचा वास आला.

"सागवान हाय," मामा म्हणाले. "अमेरिकेत सागवान कवापासून पिकायलंय?"

बॉबीनं काळा चष्मा खिशात टाकला. मामांनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, आता कोटाची पाठ दाखवा. कोट लंडनचा आहे असं बॉबीनं वाटेत आम्हाला सांगितलंच होतं. त्यानं कोट काढला तो मुकाट्यानं काढला. कॉलरच्या आत शिंप्याची चिठ्ठी होती. शिंपी गंगाखेडचा.

दुकानात जो हशा पिकला तो रस्त्यापर्यंत गेला. पोरांनी मामांना उचलायचंच बाकी ठेवलं. बॉबीचं नाव बाबूराव निघालं. त्याला धरून ठोकावं असं दोघा-तिघांचं मत पडलं, पण मामांनी त्याला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि सोल्डरचा डाग जुना दिसावा म्हणून काय करतात, जे त्यालाच माहीत नव्हतं, तेवढं सोडून बाकी सगळं विचारून घेतलं. जाताना बाबूराव म्हणाला, "मामा, वाजते मात्र चांगली." मामा म्हणाले, ते खरं आहे. गंगाखेडच्या गाडीत त्याला जागा मिळेपर्यंत ते स्टँडवर उभे होते.

विजय मोठा होता, पण तो दोन दिवसच टिकला. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की जयंतीला चार दिवस उरलेत आणि आपल्याकडे गिटार नाही. नांदेडला माणूस पाठवला, तो हात हलवत परत आला. प्रल्हाद दिवसभर कामावर गेला नाही. संध्याकाळी तो मामांच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. मी माझ्या ओट्यावर होतो. तो तावातावानं बोलला नाही, त्यानं नुसतं विचारलं, "मामा, लोकायला आवाज ऐकायचा होता. पाठ कोन बगणार होतं?"

मला त्या वेळी प्रल्हादचा राग आला, आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं पटलंही. मामा रेडिओचं झाकण लावत बसले. लावलं, काढलं, पुन्हा लावलं. त्या दिवशी दुकान त्यांनी नेहमीपेक्षा लवकर बंद केलं.

जयंतीच्या दिवशी दिवेलागणीला आम्ही स्टेजवर चढत होतो. जिंतूरकरांची गिटार आधीच सुरात लावून झाली होती. तेवढ्यात मामा आले. आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, आणि काखेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट घेऊन. आमचा ॲम्प्लिफायर त्यांचाच असल्यामुळे ते येणारच होते. पण ते मागं तारांपाशी न बसता माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी गोधडी सोडली. आत गिटार होती.

मामांकडे गिटार आहे हे वस्तीत कुणालाही माहीत नव्हतं. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या मलाही नाही. ते वाजवतात हे तर माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. प्रल्हादनं आ वासलेला पाहून मामा एवढंच म्हणाले, "तू म्हातारीचं गानं म्हन. मी मागून येतो."

आणि ते आले. काय वाजवलं हे मला सुरांत सांगता येईल, शब्दांत नाही. जिंतूरची गिटार झणाणत होती. मामांची बोलत होती. म्हातारी नातवाला विचारते तिथं प्रल्हाद थांबायचा आणि ती गिटार तोच प्रश्न पुन्हा विचारायची. पहिल्या रांगेतल्या आयाबाया पदर तोंडाला लावून बसल्या. दुसऱ्या कडव्याला पोरं उठली आणि या वेळी आमच्या बाजूला येऊन बसली. शेवटचं कडवं तर लोकांनीच म्हटलं. जिंतूरच्या पार्टीचा म्हाताराच उठला, स्टेजवर आला आणि त्यानं आपल्या गळ्यातला हार काढून मामांच्या गळ्यात घातला. निकाल लागला तो असा.

फक्त एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. तिसऱ्या कडव्यात माझा सूर चुकला. लोकांना वाटलं, भरून आल्यामुळे चुकला. भरून आलं होतंच. पण मी मामांच्या इतका जवळ होतो आणि दिवा थेट गिटारीवर होता. तोंडावरचं पॉलिश जिथं उडालं होतं तिथं कागदानं घासल्याच्या बारीक आडव्या रेघा होत्या. गंजलेल्या लोखंडाखाली लाकडावर चहाचे ओघळ होते. मामांनी सिकंदराबादचं म्हणून सांगितलेलं सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. ती गिटार नकली होती.

सकाळी मी दुकानात गेलो तेव्हा जिंतूरच्या पार्टीचा माणूस नुकताच येऊन गेला होता. अस्सल अमेरिकन आहे म्हणून हवी ती किंमत द्यायला तयार होता. पाठ बघायची आहे असं त्यालाही वाटलं नव्हतं. खिल्लारेमामांची गिटार कोण तपासणार? मामा एक जुना पंचा घेऊन ती पुसत होते. मी स्टुलावर बसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तिसऱ्या कडव्याला कळलं ना तुला?"

मी मान हलवली. मग त्यांनी पुसता पुसता सांगितलं. सिकंदराबादला असताना त्यांना स्वतःची गिटार हवी होती आणि ती परवडत नव्हती. गयामामींनी त्यांना न सांगता दोन वर्षं लोकांच्या गोधड्या शिवल्या आणि एका फेरीवाल्याकडून ही घेतली. शेवटच्या गोधडीत गुंडाळून, डोक्यावर घेऊन घरी आल्या. मामांनी पालथी केली. एका मिनिटात कळलं. मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, अस्सल हाय ना?

"म्या म्हनलं, एकदम अस्सल," मामा म्हणाले. "आयुष्यात तेवढंच एक खोटं सर्टिफिकेट दिलं म्या."

म्हणून ती कधी चार माणसांत वाजवली नाही. कुणी जाणकार भेटला असता, बोलला असता, आणि ते मामींच्या कानावर गेलं असतं. रोज संध्याकाळी दार लावून, ॲम्प्लिफायरचं मशीन न लावता वाजवायची. विजेशिवाय त्या गिटारीचा आवाज असून नसल्यासारखा. भिंतीपलीकडे मला तो कधीच आला नाही. एका माणसाला पुरायचा.

"मग आता कामून काढली?" मी विचारलं.

"आता तिला कोन सांगनार हाय?" मामा म्हणाले. ते सहज बोलल्यासारखं बोलले, पण पंचा थांबला होता.

मी गिटार मागितली. त्यांनी दिली. सवयीनं मी ती पालथी केली. पाठीवर बक्कलाचे ओरखडे होते. एकावर एक, आडवे, तिरके, जुने काळे पडलेले आणि वर नवे. मधोमध तळहाताएवढं पॉलिश पार उडून लाकूड गुळगुळीत झालेलं. पडदेही पाहिले. प्रत्येक पडद्यावर तारांच्या खाचा पडल्या होत्या. कुठल्या उस्तादानं बघितली असती तर त्यानं सांगितलं असतं, पंचवीस वर्षं कुणीतरी रोज वाजवलीय.

"एक बी वरखडा मुद्दाम मारलेला न्हाई," मामा म्हणाले. "तोंड खोटं हाय तिचं. पाठ खरी हाय."

मी गिटार उगाच इकडून तिकडून फिरवली, आणि तेव्हा मला मानेजवळच्या वरच्या कोपऱ्यावर एक डाग दिसला. गडद, तेलकट, लाकडात मुरलेला. वाजवणाऱ्याचा हात तिथं पोचत नाही, पट्टा नाही, बक्कल नाही. झीज कशाची ते मामांनी मला शिकवलं होतं, पण ही मला लागेना. मी विचारलं, हे कशाचं?

मामांनी गिटार परत घेतली. मशीन नसल्यामुळे आवाज ऐकायचा तर कान लाकडालाच लावावा लागायचा, म्हणाले. गया शेजारी बसून डोकं तिथं टेकवायची. डोक्याला रोज खोबरेल.

मग त्यांनी पंचा झटकला आणि गिटार पुन्हा पुसायला घेतली. तोंड पुसलं, पाठ पुसली, मान, खुंट्या, एक एक पडदा पुसला. तेवढा कोपरा सोडून.